घर आपले, कचेरी सरकारची : मग देखभाल कोणाची?



आपल्या इंदूरमधल्या अनेक मराठी कुटुंबांचे जुने वाडे किंवा आजोबा-वडिलांनी बांधलेली दुमजली घरे आज कुठल्या ना कुठल्या कचेरीला भाड्याने दिलेली आहेत. कुठे पोस्ट ऑफिस आहे, कुठे एखाद्या खात्याचे विभागीय कार्यालय, कुठे सरकारी बँक. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात. इथे राहिलेले आईवडील थकलेले. अशा वेळी ‘सरकारी भाडेकरू आहे, भाडे बुडणार नाही’ हा मोठाच दिलासा असतो आणि तो खोटाही नाही. भाडे सहसा बुडत नाही, उशिरा येते एवढेच. बुडते ते घर. दहा-बारा वर्षांनी ताबा परत मिळतो तेव्हा गच्चीला पिंपळ फुटलेला असतो, जिन्याच्या भिंती पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या असतात, आणि इतक्या वर्षांत मिळालेल्या भाड्यातला मोठा वाटा दुरुस्तीत घालावा लागतो.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत बँकेच्या शाखांसाठी जागा भाड्याने घेणे, करार करणे, त्यांचे नूतनीकरण करणे हे काम माझ्याकडे होते. म्हणजे मी टेबलाच्या पलीकडे, भाडेकरूच्या बाजूला बसत असे. घरमालकाने काय विचारायला हवे होते आणि त्याने ते कसे विचारले नाही, हे तिथून फार स्पष्ट दिसते. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी तीन-चार कुटुंबांनी आपापले करार मला वाचायला आणून दिले. भाडे, मुदत, दर तीन वर्षांनी वाढ, सगळे नीट लिहिलेले. देखभालीवर मात्र एकच ओळ. ती ओळ हिंदीत अशा धर्तीची असते, की भवनाची ‘मरम्मत व रखरखाव’ भवनस्वामी करेल आणि ‘सामान्य टूट-फूट’ विभाग पाहील. आता सामान्य म्हणजे किती? नळ गळतो हे सामान्य, की पाइप आतून सडला हेही सामान्य? आपण त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावतो, कार्यालय त्यांच्या सोयीने, आणि मधल्या मध्ये पाणी भिंतीत मुरत राहते.

कायदा काय म्हणतो

अनेकांची समजूत असते की घराची दुरुस्ती ही कायद्यानेच मालकाची जबाबदारी आहे. काहींची अगदी उलट समजूत असते, की जो वापरतो त्याने करावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ वाचले तर दोघेही जरा थबकतील. मालक आणि भाडेकरू यांची कर्तव्ये त्या कलमात दिली आहेत, पण सुरुवातच अशी आहे की करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळे काही नसेल तर हे नियम लागू. म्हणजे पहिला मान कराराचा. मालकाच्या कर्तव्यांची यादी पाहिली, तर मालकाने घर सतत दुरुस्त ठेवले पाहिजे असे सरसकट कलम तिथे नाही. भाडेकरूबद्दल म्हटले आहे की ताबा घेताना जागा ज्या स्थितीत होती त्या स्थितीत ती राखावी आणि परत करावी. वापराने होणारी वाजवी झीज आणि कोणाच्याही हातात नसलेली आपत्ती यातून वगळली आहे.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे, ती मालकांनी विशेष लक्षात ठेवावी. जी दुरुस्ती करायला मालक बांधलेला आहे ती सूचना मिळूनही त्याने वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. ‘बांधलेला आहे’ हे शब्द महत्त्वाचे. कशाने बांधलेला? मुख्यतः कराराने. म्हणून ‘सर्व मरम्मत भवनस्वामी करेल’ या ओळीवर आपण डोळे झाकून सही करतो, तेव्हा बल्बच्या होल्डरपासून स्लॅबपर्यंत सगळ्यासाठी आपल्या भाड्याला कात्री लावायची परवानगी देऊन बसतो. एका परिचित कुटुंबाच्या भाड्यातून सलग चार महिने रक्कम कापून आली. चौकशी केल्यावर कळले की कार्यालयाने आतले पार्टिशन हलवले, त्याबरोबर वायरिंगही बदलले आणि ते ‘मरम्मत’ या सदरात टाकले. करारात पार्टिशनबद्दल अवाक्षर नव्हते, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती.

उलट बाजूने मालकालाही एक चांगले हत्यार त्याच कलमात आहे. वाजवी वेळी आत येऊन जागेची पाहणी करण्याचा आणि दोष दाखवून देण्याचा त्याला हक्क आहे. तो दोष भाडेकरूच्या कृतीमुळे किंवा हलगर्जीमुळे झाला असेल तर सूचनेपासून तीन महिन्यांत भाडेकरूने तो दुरुस्त करायचा आहे. आपल्यापैकी किती जण भाड्याने दिलेल्या आपल्याच घरात पाहणीसाठी वर्षातून एकदा तरी जातात? बहुतेकांना संकोच वाटतो. साहेब काय म्हणतील!

अलीकडे केंद्राने एक नमुना भाडेकरार कायदा तयार केला. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो जून २०२१ मध्ये मंजूर केला. तो नमुना आहे, राज्याने आपल्या विधानसभेत तसा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. तरीही त्याची दुसरी अनुसूची आपल्या फार कामाची आहे, कारण तिथे दुरुस्तीची वाटणी वस्तूंची नावे घेऊन केली आहे. मालकाकडे इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती (भाडेकरूने केलेले नुकसान सोडून), भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचे रंगकाम, गरज पडेल तेव्हा नळाचे पाइप बदलणे आणि आतले-बाहेरचे मुख्य वायरिंग. भाडेकरूकडे नाली साफ करणे, स्विच-सॉकेट, तोट्या आणि वॉशर, संडास आणि बेसिनची दुरुस्ती, खिडक्यांच्या काचा, कड्या-कुलुपे, डासांच्या जाळ्या, वापरात असलेली मोकळी जागा आणि बाग. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूने कापायची रक्कम एका महिन्याच्या भाड्याच्या निम्म्याहून जास्त असू नये, अशी मर्यादाही त्यात आहे. ही वाटणी आणि ही मर्यादा, दोन्ही आपल्या करारात घालायला कोणाची हरकत नसते, फक्त सुचवावे लागते. कार्यालयाकडे त्यांचा छापील मसुदा असतो, त्याला जोडपत्र जोडता येते.

जोडपत्र म्हणजे मागाहून दिलेले साधे पत्र नव्हे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. म्हणून देखभालीची यादी त्या नोंदवलेल्या दस्ताचाच भाग हवी. नंतर ‘आमचे बोलणे झाले होते’ याला अर्थ उरत नाही, आणि सरकारच्या बाबतीत तर मुळीच नाही. संविधानाच्या कलम २९९ प्रमाणे केंद्राचे करार राष्ट्रपतींच्या आणि राज्याचे करार राज्यपालांच्या नावाने, अधिकृत अधिकाऱ्यानेच करायचे असतात. समोर बसलेले साहेब कितीही सज्जन असोत, चहा पिताना त्यांनी दिलेला शब्द सरकारला बांधत नाही. आणि साहेबांची तर दोन-तीन वर्षांत बदली होते.

‘सरकार’ म्हणजे नेमके कोण

घरमालकांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घरगुती भाडेकरू असला की एकच माणूस तक्रार करतो, तोच पाहतो, तोच पैसे देतो. सरकारी कचेरीत ही तीन कामे तीन ठिकाणी असतात. जागेत बसतो तो कार्यालयप्रमुख. त्याला गळती दिसते, पण खर्चाचा अधिकार थोडाच असतो. जागा आणि भाडे योग्य आहे की नाही हे ठरवणारे तांत्रिक खाते वेगळे. केंद्राच्या कार्यालयांसाठी ते काम केंद्रीय लोक निर्माण विभाग करतो, राज्याच्या कार्यालयांसाठी साधारणपणे राज्याचा लोक निर्माण विभाग (महाराष्ट्रातले नातेवाईक ज्याला सार्वजनिक बांधकाम म्हणतात तो). टपाल खात्यात भाडे ठरवण्यासाठी त्यांची स्वतःची समिती असते. आणि तिसरा हात पैसे देणाऱ्याचा, म्हणजे लेखा शाखा किंवा कोषागार. त्यांनी आपली इमारत कधी पाहिलेलीही नसते. त्यांना फक्त कागद दिसतो.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की ‘देखभाल’ हा एक शब्द करारात ठेवू नका. प्रत्येक बाबीपुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहा : लक्ष कोण ठेवील आणि कळवील, काम कोण करवून घेईल, पैसे कोण देईल. तिन्ही उत्तरे एकच असतील असे नाही. गच्चीचे उदाहरण घ्या. गच्चीची दुरुस्ती मालकाची हे मान्य. पण गच्चीला जाण्याचा जिना कार्यालयाच्या आतून आहे, कुलूप त्यांचे आहे, आणि वर एसीची यंत्रे त्यांनी बसवली आहेत. मग पन्हळीत अडकलेला पालापाचोळा जूनपूर्वी काढणार कोण? काम पन्नास रुपयांचे, नुकसान पन्नास हजारांचे. अशा वेळी लिहावे : पन्हळी आणि पाणी जाण्याची तोंडे साफ ठेवणे कार्यालयाकडे, वॉटरप्रूफिंग मालकाकडे, एसीच्या स्टँडसाठी पाडलेल्या भोकांतून गळती झाली तर ती कार्यालयाच्या खर्चाने, आणि गच्चीची पाहणी दर ऑक्टोबरात दोघांच्या उपस्थितीत.

ऑक्टोबर का? आपल्या माळव्यात पाऊस जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धरतो आणि सगळ्यांना गच्ची मे महिन्यात आठवते. तेव्हा मजूर मिळत नाहीत आणि कार्यालयात पैसे नसतात. सरकारचे वर्ष ३१ मार्चला संपते. एप्रिल-मे मध्ये नवी तरतूद अजून खाली पोहोचलेली नसते. पावसाळा संपताच पाहिले तर ओलीचे डाग ताजे असतात, कुठून पाणी आले ते भिंतच सांगते. कार्यालयाच्या वाट्याचे जे काम असेल ते चालू वर्षाच्या रकमेतून मार्चपूर्वी करून घ्यायला त्यांनाही वेळ मिळतो. पुढच्या वर्षाच्या मागण्या वर जातात त्याही साधारण याच काळात.

पत्र लिहावे ते पदनामाने, व्यक्तीच्या नावाने नको. दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. एक प्रत वरच्या कार्यालयाला जाऊ द्यावी. हे वाचून काहींना हसू येईल, पण बदली होऊन आलेला नवीन अधिकारी सर्वात आधी फाइल उघडतो. फाइलमध्ये नाही ते त्याच्यासाठी घडलेलेच नसते. मी स्वतः त्या खुर्चीवर बसलो आहे, त्यामुळे त्यांना दोष देत नाही.

घराची कचेरी होते तेव्हा

घर राहण्यासाठी बांधलेले असते आणि कचेरी त्यात फाइली घेऊन येते. हा फरक किती मोठा आहे हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. इमारतीवर किती भार धरावा यासाठी भारतीय मानक ८७५, भाग २ आहे. त्यात राहत्या खोल्यांसाठी प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो भार धरतात. फाइली आणि दस्तऐवज साठवण्याच्या खोलीसाठी ५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किलो. अडीचपट! ए-४ कागदाचे एक रिम साधारण २.३ किलोचे. पाच खणांच्या लोखंडी रॅकमध्ये शंभर रिमांएवढा कागद सहज मावतो, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या वर, आणि तो रॅक जमीन व्यापतो जेमतेम तीन फूट बाय सव्वा फूट. असे वीस रॅक ओळीने माळ्यावर उभे केले की काय होईल ते सांगायला इंजिनिअर नको. आपले जुने वाडे तर कुठलेही मानक येण्याआधीचे, लाकडी तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा थर. तेव्हा करारात एक वाक्य हवेच : रेकॉर्ड रूम तळमजल्यावरच राहील, वरच्या मजल्यावर नाही. हे वाक्य ताबा देण्यापूर्वी मान्य होते. नंतर रॅक हलवा म्हटले तर कोणी हलवत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. घराला मंजूर असलेला भार पंखे, दिवे, फ्रीज, एखादा पंप इतक्यापुरता असतो. कचेरी येते ती संगणक, सर्व्हर, यूपीएस आणि पाच-सहा एसी घेऊन. मंजूर भार वाढवून घेणे, नवे मीटर, अर्थिंग तपासणे, मुख्य केबल बदलणे यांचा खर्च कोणाचा हे आधी ठरवा. माझे मत असे, की जी वाढ केवळ कार्यालयाच्या यंत्रांसाठी लागते तिचा खर्च कार्यालयाने करावा आणि जुने, जीर्ण वायरिंग बदलण्याचा मालकाने. मीटर शक्यतो त्यांच्या नावावर असावे. राजवाड्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, आणि १९८४ साली त्याला लागलेली आग आपल्या पिढीने पाहिली आहे. त्या आगीचे कारण वेगळे होते. पण लाकडी मजला पेटला की काय होते, हे इंदूरकराला दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नाही.

वाळवी कोणाची, हा प्रश्न मला एका सभासद भगिनींनी विचारला होता आणि तो फार मार्मिक आहे. लाकूड मालकाचे, पण जमिनीवर भिंतीला टेकून ठेवलेले फाइलींचे गठ्ठे भाडेकरूचे. कुठल्याही छापील करारात वाळवीचे नाव नसते. त्यांच्या करारात आम्ही असे लिहिले की वाळवीप्रतिबंधक फवारणी दर तीन वर्षांनी मालक करील, कागदपत्रे भिंतीपासून एक फूट दूर आणि रॅकवर राहतील, आणि वाळवी दिसल्यास कार्यालय पंधरा दिवसांत लेखी कळवील. कार्यालयाने एक अक्षरही न बदलता ते मान्य केले. खरे म्हणजे बहुतेक अधिकाऱ्यांना स्पष्ट लिहिलेले आवडते. त्यांनाही लेखापरीक्षणाला उत्तर द्यायचे असते.

जुन्या वाड्यांपुरती अजून एक सूचना. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा कोणालाही करू देऊ नका. कार्यालयाचा ठेकेदार आला की तो तेच करतो. आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, वर भिंत गुळगुळीत दिसते आणि आत चुना सुटत जातो. ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय गिलावा, फरशी, पार्टिशन आणि भिंतीतील भोके नाहीत’ एवढे वाक्य घालावे.

सामाईक जागेचा कारभार

एकाच इमारतीत खाली कचेरी, वर आपण स्वतः किंवा दुसरा भाडेकरू असे असेल तर दुरुस्तीपेक्षा रोजच्या व्यवस्थापनावरून जास्त कटकटी होतात. पाण्याची टाकी कोण धुणार, पंप कोण सुरू करणार आणि त्याचे वीजबिल कोणाच्या मीटरवर, जिना कोण झाडणार, कामासाठी येणाऱ्या लोकांच्या गाड्या फाटकापुढे लागल्या तर बोलणार कोण, पाटी कुठे आणि केवढी. यात कायदा फारसा कामाला येत नाही. पंपाला वेगळा सबमीटर आणि सामाईक खर्चाची वाटणी क्षेत्रफळाच्या प्रमाणात, हे दोन उपाय मी पाहिले आहेत आणि दोन्ही टिकले आहेत. शौचालय मात्र स्वतंत्रच हवे. येणाऱ्या-जाणाऱ्या जनतेसाठी असलेले शौचालय घरच्या माणसांशी सामाईक ठेवले, तर तीन महिन्यांत मालकच घर सोडून जाईल!

भावंडांत सामाईक मालकी असेल तर आपल्या बाजूचाही एकच व्यवस्थापक हवा, आणि त्याला नोंदणीकृत मुखत्यारपत्र. मोठा भाऊ म्हणतो गच्ची करून टाका, धाकटा म्हणतो यंदा नको, बहिणीला कोणी विचारतच नाही, आणि कार्यालय म्हणते आधी तुमच्यात ठरवा. दरम्यान पावसाला कोणाच्याही संमतीची गरज नसते. व्यवस्थापकाने वर्षातून एकदा सगळ्यांना हिशेब पाठवावा, आजकाल व्हॉट्सॲपवरही चालते, आणि किती रुपयांपर्यंतचा खर्च तो न विचारता करू शकेल तो आकडा घरातल्या घरात लिहून ठेवावा.

पैसा कुठून

वाणिज्य शाखेच्या माणसाने इथे दोन आकडे मांडले नाहीत तर कसे चालेल. समजा भाडे महिना ४०,००० आहे. वर्षाचे ४,८०,०००. तुम्ही प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी ३०,००० वजा जाता राहिले ४,५०,०००. आयकर कायदा घरभाड्याच्या उत्पन्नातून यावर सरसकट ३० टक्के वजावट देतो, म्हणजे इथे १,३५,०००. प्रत्यक्षात दुरुस्तीवर एक रुपयाही घातला नाही तरी ही वजावट मिळते आणि दोन लाख घातले तरी तेवढीच मिळते. लोक ही करातली बचत समजून खर्च करून टाकतात. माझ्या मते ही रक्कम, या उदाहरणात महिन्याला ११,२५०, घराची आहे. वेगळे खाते उघडा, रिकरिंग लावा आणि त्याला हात लावू नका. चार वर्षांनी गच्चीचे काम निघेल तेव्हा नातेवाइकांकडे हात पसरावा लागणार नाही. (ट्रस्ट किंवा संस्थेच्या मालकीची इमारत असेल तर कराचे गणित वेगळे असते, त्यासाठी सी.ए.ना विचारावे.)

भाडे ठरवतानाच विचारून घ्या की जो दर काढला आहे त्यात घरपट्टी आणि देखभाल कोणाकडे धरली आहे. दोन्ही मालकाकडे धरून दर काढला असेल, तर नंतर वेगळी मागणी करता येत नाही. आणि मुदत संपायच्या सहा-आठ महिने आधी नूतनीकरणाचे पत्र द्या. मुदत संपूनही कार्यालय बसून राहिले आणि आपण भाडे घेत राहिलो तर पट्टा महिन्या-महिन्याने पुढे चालू राहतो, दर मात्र जुनाच. दाव्याची वेळ आलीच तर सरकारविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते, म्हणून तेवढा काळ हिशेबात धरा.

विम्याबद्दल थोडक्यात. इमारतीचा विमा मालकाने काढायचा आणि त्यात वापर ‘निवासी’ नव्हे, ‘कार्यालय’ असा लिहायचा. पॉलिसी जुनी, घर असतानाची असेल तर ती आजच काढून पाहा. वापर चुकीचा लिहिला असेल तर दाव्याच्या वेळी अडचण येते. कलम १०८ प्रमाणे आग, वादळ किंवा पूर यांनी जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला तर भाडेकरूला पट्टा संपवण्याचा पर्याय आहे. म्हणजे त्या दिवसापासून भाडे बंद आणि बांधकाम आपल्या गळ्यात.

ताबा देताना आणि घेताना

‘ज्या स्थितीत दिली त्या स्थितीत परत’ हे कायद्याचे वाक्य तेव्हाच उपयोगी, जेव्हा दिली तेव्हाची स्थिती कागदावर असते. ताबा देण्याच्या दिवशी खोलीगणिक यादी करावी : दारे किती, काचा किती, फरशी कोणती आणि कुठे तडकलेली आहे, तोट्या, पंखे, मीटरचे आकडे. प्रत्येक भिंतीचा, छताचा आणि गच्चीचा फोटो, तारखेसह. आधीपासून असलेले दोषही प्रामाणिकपणे लिहावेत, म्हणजे यादीवर दोन्ही बाजू विश्वास ठेवतात. दोघांच्या सह्या, आणि ती यादी दस्ताला जोडलेली.

जागा रिकामी होते तेव्हा तीच यादी हातात घेऊन फिरावे. कार्यालयाने बसवलेले एसी, पार्टिशन, नेटवर्कचे कपाट ते काढून नेऊ शकतात, कायदा त्यांना ती मुभा देतो. मात्र जागा मिळाली तशी करून देण्याच्या अटीवर. म्हणजे भोके बुजवणे आले, सोंडेसारख्या लोंबणाऱ्या वायरी काढणे आले. वीज, पाणी आणि टेलिफोनची थकबाकी नसल्याचे कागद आधी घ्यावेत, किल्ल्या नंतर. कारण मीटर आपल्या नावावर असेल तर वीज कंपनी आपल्याच दारात येते. किल्ल्या घेताना ताबा परत मिळाल्याचे पत्र तारीख घालून द्यावे-घ्यावे. पुष्कळदा कार्यालय सामान हलवते, पण दोन खोल्यांत जुनी कपाटे आणि निर्लेखनाची वाट पाहणारे संगणक तसेच ठेवून कुलूप लावून जाते. अशा वेळी ताबा मिळाला असे लिहून देऊ नये. शेवटचे कपाट निघेपर्यंतच्या प्रत्येक महिन्याचे भाडे मागणारे पत्र द्यावे, पदनामाने, आवक शिक्क्यासह.